चाक चालकाच्या हातात, वेळापत्रक कोणाच्या? : ड्युटीवरच्या वाहनचालकांच्या सुरक्षिततेचा आढावा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार 2022 मध्ये देशात 4,61,312 रस्ते अपघात झाले आणि त्यांत 1,68,491 माणसं गेली. महाराष्ट्राचा वाटा 15 हजारांहून अधिक मृत्यूंचा. मंत्रालयाचा वार्षिक अहवाल हे अपघात रस्त्याचा प्रकार, वाहन, वय आणि दिवसाची वेळ यांनुसार विभागून दाखवतो. गाडी चालवणारा त्या वेळी कामावर होता का, त्याच्या ड्युटीचा तो कितवा तास होता, आदल्या रात्री तो किती झोपला होता, या प्रश्नांची उत्तरं मात्र त्यातून मिळत नाहीत.

कामासाठी गाडी चालवणाऱ्यांचा वर्ग आपल्या अंदाजापेक्षा बराच मोठा आहे. ट्रक आणि ट्रेलरचे चालक, एसटीचे चालक, ट्रॅव्हल्सवाले, कंपन्यांच्या कॅब चालवणारे आणि उसाचे ट्रॅक्टर ओढणारे चटकन आठवतात. पण औषध कंपनीचा एमआर, मायक्रोफायनान्सचा वसुली प्रतिनिधी, मोबाईल टॉवरच्या दुरुस्तीला जाणारा तंत्रज्ञ आणि जेवणाचा डबा पोचवणारा डिलिव्हरी बॉय यांचंही निम्मं काम रस्त्यावरच होतं. या सगळ्यांच्या सुरक्षित ड्रायव्हिंगची जबाबदारी कोणाची आणि कोणत्या उपायांनी खरोखर फरक पडतो, यावर गेली काही वर्षं चर्चा चालू आहे. ती आज कुठवर आली आहे, ते इथे पाहू.

कायद्याची चौकट

या विषयावर कायदा नाही, असं कोणी म्हणू नये. मोटार वाहतूक कामगार अधिनियम 1961 मध्ये आला. दिवसाला आठ आणि आठवड्याला 48 तास ही कामाची मर्यादा त्यानं घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीनं ती दहा आणि 54 तासांपर्यंत वाढवता येत होती. सलग पाच तास काम झालं की किमान अर्धा तास विश्रांती आणि दोन दिवसांच्या कामामध्ये किमान नऊ तासांचं सलग अंतर, हेही त्यात लिहिलं होतं. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 नं हीच मर्यादा वाहनचालकांना लागू केली.

अडचण व्याप्तीची आहे. 1961 चा कायदा पाच किंवा अधिक कामगारांच्या व्यवसायाला लागू होता, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रक एक ते पाच गाड्यांच्या मालकांकडे आहेत. हा कायदा ज्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला, ती नोव्हेंबर 2025 मध्ये अमलात आली आणि तिच्यात हा उंबरठा दहा कामगारांचा आहे. अनेक कायद्यांच्या जागी एकच संहिता असली की पालन सोपं होतं, असं तिचे समर्थक म्हणतात. कामगार संघटनांचा आक्षेप असा की, ज्या छोट्या मालकांकडे सर्वाधिक चालक आहेत, तेच आणखी बाहेर राहतात. व्याप्तीपुरता हा आक्षेप मला वजनदार वाटतो.

आणखी एक बदल फारशी चर्चा न होता झाला. नॅशनल परमिटच्या ट्रकवर दोन चालक हवेत, ही अट 2018 मध्ये काढली गेली. दोन चालक प्रत्यक्षात कोणी ठेवत नव्हतं, अटीमुळे फक्त चिरीमिरी वाढत होती, असं वाहतूकदार सांगत. त्यात तथ्य होतं. पण अट गेली तेव्हा एकट्या चालकाचे तास मोजण्याची दुसरी सोय तिच्या जागी आली नाही. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्र सरकारला पुन्हा सांगावं लागलं की, चालकांच्या कामाच्या तासांच्या तरतुदी प्रत्यक्षात आणण्यासाठी राज्यांबरोबर बसून यंत्रणा उभी करा. तोवर 1961 ला सहा दशकं उलटून गेली होती.

नवले पुलाचा उतार

हा प्रश्न एकाच ठिकाणी पाहायचा तर पुण्याच्या कात्रज-देहूरोड बाह्यवळणावर जावं. साताऱ्याकडून येणारा माल भरलेला ट्रक नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडतो आणि तिथून नवले पुलापर्यंत काही किलोमीटर उतारच उतार. नोव्हेंबर 2022 मध्ये इथे एका अवजड वाहनानं चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आल्याच्या बातम्या होत्या. नोव्हेंबर 2025 मध्ये त्याच पट्ट्यात पुन्हा मोठा अपघात होऊन आठ जणांचा जीव गेला.

न्यूट्रलमध्ये सोडलेल्या गाडीचं काय होतं, हे तांत्रिकदृष्ट्या सरळ आहे. गाडी खालच्या गिअरमध्ये असली की इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलमध्ये तो आधार जातो आणि पंचवीस-तीस टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो. पाय सारखा ब्रेकवर राहिल्यानं ड्रम तापतात, तापलेले लायनर धरेनासे होतात. इंजिनच बंद असेल तर हवेच्या ब्रेकना दाब देणारा कॉम्प्रेसरही थांबलेला असतो. ब्रेक पुन्हा पुन्हा दाबला की टाकीतली हवा उतरते. मग अपघाताच्या बातमीत ‘ब्रेक फेल’ असं छापून येतं.

घाटात गिअर काढायचा नाही, हे लायसन्सच्या पहिल्या धड्यात शिकवतात. जुन्या चालकाला ते आपल्यापेक्षा चांगलं कळतं. तरीही गिअर निघतो, याचं एक मोठं कारण डिझेलच्या हिशोबात आहे. अनेक ठिकाणी चालकाला एका फेरीसाठी ठरावीक रक्कम किंवा ठरावीक लिटर डिझेल मिळतं. टोल, जेवण, पंक्चर आणि वाटेतलं देणंघेणं यांतून जे उरेल ते त्याचं. उतारावर वाचलेलं डिझेल थेट त्याच्या खिशात पडतं. म्हणजे धोक्याची सवय लावणारं बक्षीस पगाराच्या पद्धतीतच बसवलेलं आहे. या पट्ट्यात रंबलर बसले, वेगमर्यादा उतरली, कॅमेरे लागले, फलक लागले. त्यांचा उपयोग होतोच. डिझेलचा हिशोब मात्र ज्या ऑफिसात ठरतो, तिथे या उपायांपैकी एकही पोचत नाही.

चालकाची चूक आणि चालकाचं प्रशिक्षण

पहिली आणि सर्वांत रुळलेली भूमिका चालकाला केंद्रस्थानी ठेवते. सरकारी आकडेवारी तिच्या बाजूनं बोलते: 2022 मध्ये रस्ते अपघातांतल्या दहापैकी सात मृत्यूंची नोंद अतिवेगाखाली झाली. त्यामुळे लायसन्स कडक करा, उजळणी प्रशिक्षण द्या, डोळे तपासा, दारूची चाचणी घ्या आणि दंड वाढवा, हा क्रम ओघानंच येतो.

या भूमिकेला हसण्यावारी नेणं चुकीचं ठरेल. प्रशिक्षणानं फरक पडतो, याचा दाखला एसटीनं अनेक दशकं दिला आहे. निवडीआधीची वाहन चाचणी, आगारातलं प्रशिक्षण, दर वर्षी होणारी सुरक्षितता मोहीम आणि विनाअपघात सेवा करणाऱ्या चालकाचा गौरव ही तिथली जुनी शिस्त आहे. भोसरीची केंद्रीय रस्ते परिवहन संस्था 1967 पासून या क्षेत्रात आहे. याउलट डिसेंबर 2024 मध्ये कुर्ल्यात बेस्टच्या सेवेतल्या, भाडेतत्त्वावरच्या इलेक्ट्रिक बसनं गर्दीत घुसून अनेकांचे बळी घेतले, तेव्हा पहिला प्रश्न आला तो हाच: क्लचच्या गाडीवर हात बसलेल्या चालकाला ऑटोमॅटिक इलेक्ट्रिक बस देण्याआधी किती दिवस शिकवलं होतं? पण याच प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येतो. बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा आणि मार्ग सार्वजनिक उपक्रमाचा, अशी वाटणी झाली की प्रशिक्षणाचे दिवस कोण ठरवतं आणि त्यांचा खर्च कोण उचलतं? इथे चालककेंद्री भूमिकेला चालकाच्या पलीकडे पाहावंच लागतं.

तिच्यावरचा मुख्य आक्षेप नोंदीबद्दलचा आहे. पंचनाम्यात शेवटचं कारण येतं: वेग, चुकीची बाजू, ताबा सुटला. ताबा का सुटला, हे शोधायला पोलिसांकडे ना वेळ असतो ना साधन. दारू ओळखायला श्वासाचं यंत्र आहे. झोप मोजणारं तसं यंत्र नाक्यावर नाही.

झोप

थकव्याबाबत विज्ञानात फारसा वाद उरलेला नाही. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची प्रतिसादाची गती रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाच्या तोडीची होते, हे 1990 च्या दशकातल्या प्रयोगांत दिसलं आणि नंतरच्या अभ्यासांनीही त्याला दुजोरा दिला. आपल्या कायद्यात दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे 0.03 टक्के आहे. पहाटे पाचला उठून रात्री दहाला स्टिअरिंगवर असलेला चालक त्या हिशोबानं मर्यादा केव्हाच ओलांडून गेलेला असतो, आणि त्यानं थेंबभरही घेतलेली नसते. त्यात पहाटेचे दोन ते पाच आणि दुपारचे दोन ते चार हे तास शरीराच्या घड्याळानं सर्वांत वाईट. ताशी 80 किलोमीटरच्या वेगात डोळा चार सेकंद लागला तर गाडी जवळजवळ 90 मीटर पुढे गेलेली असते.

सेव्हलाइफ फाउंडेशननं 2020 मध्ये दहा शहरांतल्या 1,217 ट्रकचालकांशी बोलून अहवाल काढला. दिवसाला सरासरी बारा तासांच्या आसपास गाडी चालवतो, असं त्यांनी सांगितलं, आणि निम्म्या चालकांनी थकलेलो किंवा झोप आलेली असतानाही गाडी चालवल्याची कबुली दिली.

महाराष्ट्रात हा विषय घरोघरी पोचला तो समृद्धी महामार्गामुळे. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. 1 जुलै 2023 च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ ट्रॅव्हल्सची बस उलटून पेटली आणि 25 प्रवासी गेले. सरळसोट, सिग्नल नसलेल्या रस्त्यावर डोळे उघडे असूनही मेंदू बधिर होतो, या स्थितीबद्दल तेव्हा खूप लिहिलं गेलं. रस्त्याच्या रचनेचे अभ्यासक तिला मोठं महत्त्व देतात. थांबे, रंगीत खुणा, झाडी, कडेला खडबडीत पट्टे हे त्यांचे उपाय. चालकांच्या संघटना वेगळ्या ठिकाणी बोट ठेवतात: सकाळी पुण्यात गाडी रिकामी करून संध्याकाळी तीच गाडी घेऊन परतणाऱ्या चालकाला दिवसा पार्किंगमध्ये, उन्हात, डिकीत झोपावं लागतं. अशा चालकाला कोणताही रस्ता जागं ठेवू शकत नाही. दोन्ही म्हणणी एकमेकांना छेद देत नाहीत. खर्च कुठे करायचा, यावर मात्र त्यांचं एकमत होत नाही.

मुक्कामाच्या एसटीचा अनुभवही इथे नोंदवायला हवा. रात्री दहा-साडेदहाला शेवटच्या गावी पोचलेले चालक-वाहक अनेकदा गाडीतच आडवे होतात. डास, शौचालय नाही, पाणी लांब, आणि पहाटे पहिली फेरी. कागदावर नऊ तासांची विश्रांती पूर्ण होते, झोप तेवढी होत नाही. विश्रांतीची गणना तासांत होते आणि तिची गुणवत्ता कोणी तपासत नाही, ही त्रुटी भारतापुरती नाही. पण आपल्याकडे ती फार उघडी पडते. नव्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये 2025 पासून वातानुकूलन सक्तीचं झालं, तो या दिशेनं टाकलेला ठोस पाय आहे. जुन्या गाड्यांचं काय, हे त्यानं सुटत नाही.

मालक, माल पाठवणारा आणि दर

दुसरी भूमिका म्हणते की, ड्युटीवरचा अपघात हा कारखान्यातल्या अपघातासारखा पाहावा. यंत्रावर बोट कापलं तर आपण यंत्राला जाळी होती का, पाळी किती तासांची होती, हे विचारतो. ट्रकबाबत तेच विचारावं. युरोपीय संघात दिवसाला नऊ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच दहा, साडेचार तासांनंतर 45 मिनिटांचा थांबा आणि हे सगळं टिपणारं यंत्र गाडीत सक्तीचं आहे. ऑस्ट्रेलिया आणखी पुढे गेली: अशक्य वेळेत माल पोचवायला सांगणारा, जास्त भरणारा आणि वेळापत्रक आखणारा, असे साखळीतले सगळे कायद्यानं जबाबदार धरले जातात.

दराचा मुद्दा मात्र तिथेही अवघड ठरला. चालकांना सुरक्षित दर मिळावेत म्हणून ऑस्ट्रेलियानं 2012 मध्ये स्वतंत्र न्यायाधिकरण स्थापन केलं. स्वतःचा ट्रक चालवणाऱ्या छोट्या मालकांनीच त्याला विरोध केला. दर वर गेले की काम मोठ्या कंपन्यांकडे जाईल, ही त्यांची भीती होती. 2016 मध्ये ते बंद झालं. पगार आणि अपघात यांचा संबंध आहे, असं अमेरिकेतल्या संशोधनातूनही पुढे आलं आहे. तो संबंध धोरणात कसा उतरवायचा, यावर एकमत नाही.

आपल्याकडच्या छोट्या वाहतूकदाराची बाजूही ऐकायला हवी. भाडं तो ठरवत नाही. परतीचा माल मिळेलच असं नसतं. कारखान्याच्या गेटवर किंवा बंदराच्या रांगेत गाडी दहा-बारा तास उभी राहते, त्याचा मोबदला मिळत नाही, आणि वाया गेलेला वेळ पुढे रस्त्यावर भरून काढावा लागतो. हप्ता महिन्याच्या ठरावीक तारखेलाच येतो. त्यामुळे फक्त मालकावर खटले भरून काही साधणार नाही, असं तो म्हणतो. माझ्या मते आपल्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित घटक हाच आहे: माल पाठवणारा आणि उतरवून घेणारा. थकलेल्या चालकाचे अर्धे तास त्याच्या गेटवर खर्ची पडलेले असतात, आणि कायद्यापुढे तो कुठेच उभा राहत नाही.

हंगामातली ऊस वाहतूक हे याचं आपल्या घरातलं उदाहरण. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, टनावर मिळणारे पैसे, गव्हाणीपर्यंतची रात्रभराची रांग आणि मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली. दर वर्षी रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात आणि त्या जीव वाचवतात. टनावरचा दर आणि रांगेचे तास त्यांच्या कक्षेबाहेर राहतात.

यंत्रांची नजर आणि रस्त्याची दुरुस्ती

तिसरा मार्ग तंत्रज्ञानाचा. प्रवासी वाहनांना 2019 पासून जीपीएस आधारित यंत्र सक्तीचं झालं, वेगनियंत्रक त्याआधीच होते. आता चालकाची पापणी मिटली की आवाज देणारे कॅमेरे मोठ्या कंपन्या बसवत आहेत. व्यवस्थापकांना त्यातून प्रत्येक चालकाचा तपशीलवार हिशोब मिळतो. चालकांची तक्रार अशी की, हा हिशोब त्यांच्याविरुद्ध वापरला जातो. कॅमेऱ्यानं जांभई टिपली तर पगार कापला जातो, पण पुढची फेरी रद्द होत नाही. या माहितीवर हक्क कोणाचा, ती किती दिवस ठेवायची, चालकाच्या बाजूनं ती न्यायालयात मागता येईल का, हे अजून अनिश्चित आहे.

रस्त्याबाबत त्या मानानं अधिक स्पष्टता आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 मृत्यू झाले. त्या वर्षी सुरू झालेल्या शून्य मृत्यू उपक्रमात धोक्याच्या जागांची दुरुस्ती, उभ्या ट्रकवर कारवाई, महामार्ग पोलिस आणि रुग्णवाहिका यांची सांगड घातली गेली आणि काही वर्षांत वार्षिक मृत्यू शंभराच्या खाली आले. माणूस चुकणारच, हे गृहीत धरून रस्ता बांधावा, हा स्वीडननं 1997 मध्ये स्वीकारलेला विचार इथे मराठी मातीत उतरलेला दिसतो.

शिक्षेचा वाद

भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106 च्या दुसऱ्या पोटकलमात अपघातानंतर कळवल्याविना पळून गेल्यास दहा वर्षांपर्यंत कैद लिहिली आहे. जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत त्याविरुद्ध ट्रक थांबले आणि राज्यात पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली, तेव्हा हे पोटकलम वगळूनच. जखमीला रस्त्यावर टाकून जाणाऱ्याला जबर शिक्षा हवी, ही पीडितांच्या कुटुंबांची मागणी न्याय्य आहे. थांबलो तर जमाव जिवंत सोडणार नाही, ही चालकाची भीतीही खरी आहे. पोलिसांना फोन करून, ठाण्यात हजर होऊन स्वतःला वाचवण्याची खात्रीची वाट त्याला दिल्याविना हा वाद मिटणार नाही.

पदनामात ‘चालक’ नसलेले

दुचाकीवर काम करणाऱ्यांबद्दल लिहिलं कमी जातं. त्यांच्या कंपनीच्या लेखी ते विक्री प्रतिनिधी किंवा भागीदार असतात. त्यांना हेल्मेट मिळतं, पण दिवसाच्या भेटींचा आकडा तसाच राहतो. साहेबाचा फोन गाडी चालवतानाच येतो. फोनवर बोलणाऱ्या चालकाचा अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. कानात हेडसेट असला तरी लक्ष विभागतंच, हेही संशोधनातून दिसलं आहे. ड्युटीवर गाडी चालवणाऱ्याला फोन करायचा नाही, असा एक नियम कंपनीनं स्वतःच्या वरिष्ठांवर घातला, तर त्याला एक रुपयाही लागत नाही.

भरपाईच्या बाजूला 2025 मध्ये महत्त्वाचा टप्पा आला. धाराशिव भागातल्या साखर कारखान्यात पहाटेच्या पाळीला निघालेला रखवालदार 2003 मध्ये वाटेतच गेला होता. कामावर जाता-येतानाचा अपघातही वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध असेल तर कामावरचाच मानता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं त्या प्रकरणात दिला. कुटुंबाला तिथवर पोचायला दोन दशकांहून अधिक काळ लागला.

काय अनिर्णित आहे

तीन प्रश्न सर्वांत मोठे दिसतात. पहिला, मोजणीचा. अपघाताच्या सरकारी नोंदीत ‘चालक कामावर होता का’ आणि ‘किती तासांपासून’ हे दोन रकाने आले, तर बरीचशी चर्चा अंदाजावरून पुराव्यावर येईल. दुसरा, एकट्या ट्रकमालकाचा. जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक आहे, त्याचे तास कोण ठरवणार? त्याला कामगार मानावं की व्यावसायिक, यावर संघटनांमध्येही मतभेद आहेत.

तिसरा प्रश्न ॲपचा. प्रवासी सेवेतल्या चालकानं दिवसात बारा तासांहून अधिक लॉग-इन राहू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वं केंद्रानं 2020 मध्ये काढली. मोटार वाहन कायद्यातली ॲप कंपनीची व्याख्या प्रवासी वाहतुकीपुरती आहे, डबे आणि किराणा पोचवणारे तिच्यात बसत नाहीत. ‘दहा मिनिटांत घरपोच’ या जाहिरातींचं समर्थन करताना कंपन्या सांगत की, वेळ वाचतो तो जवळच्या गोदामामुळे, दुचाकीच्या वेगामुळे नाही. डिलिव्हरी करणारे म्हणतात, गोदाम जवळ असलं तरी कमाई फेऱ्यांच्या संख्येवर ठरते. आणि एकाच मुलाच्या फोनवर दुपारी एक, संध्याकाळी दुसरं आणि रात्री तिसरं ॲप उघडं असतं. तिन्ही ठिकाणचे तास एकत्र मोजायची जबाबदारी आज कोणाचीच नाही.